चष्मा लावणाऱ्या पायलटसाठी कानात घालायचा हेडसेट : कोणी रोज वापरतंय का?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. मी साखळीचा, महाराष्ट्रात एका फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतोय, २०० पैकी ७२ तास झालेत, चवथीला घरी आलोय म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

अडचण अशी आहे की मला चष्मा आहे आणि स्कूलमध्ये जो हेडसेट मिळतो तो जुन्या पद्धतीचा, मोठ्या कपांचा, अर्धा किलोच्या आसपास वजनाचा. पहिली ४० मिनिटं काही वाटत नाही, मग चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायला लागतात, तासाभरानं डोकं ठणकायला लागतं आणि सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत) शेवटचे दोन लँडिंग करताना माझं अर्धं लक्ष त्या दुखण्याकडे असतं हे मला स्वतःला कळतं. परवा क्रॉस-कंट्रीवरून (लांबच्या उड्डाणावरून) आलो तर कानशिलावर काडीचा वळ उठलेला, आईनं विचारलं कोणी मारलं का रे. वर उकाडा, कपांच्या आत घाम नुसता वाहतो.

आता एका सीनियरनं सांगितलं की कानात घालायचे हेडसेट मिळतात, इअरफोनसारखे, डोक्यावर दाब अजिबात नाही. इंटरनेटवर क्लॅरिटी अलॉफ्ट, हेलो, बोस प्रोफ्लाइट अशी नावं दिसली, पण वाचून डोकं जास्तच फिरलं. कोणी रोज वापरतंय का? विमान सेसना १७२, छोटं, पिस्टन इंजिनचं. बजेट फार नाही, बाबांनी आधीच फीसाठी कर्ज काढलंय, त्यामुळे एकदाच घ्यायचा आणि चुकायला नको.

चिखलीचा फर्स्ट ऑफिसर

सत्तरीकर, अभिनंदन रे, ७२ तास म्हणजे सोलो (एकट्यानं उड्डाण) होऊन गेला असणार. मी एअरबस ए-३२० वर आहे, गेली तीन वर्षं कानातलाच वापरतो त्यामुळे लिहितोच.

पहिली गोष्ट, तू घेतलेल्या तीन नावांत दोन वेगळ्या जाती आहेत आणि तिथेच लोक फसतात. क्लॅरिटी अलॉफ्ट आणि हेलो हे पॅसिव्ह. म्हणजे त्यात आवाज मारणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही, बॅटरी नाही, पुढे फोमची टिप असते ती कानात फुगून बसते आणि बाहेरचा आवाज अडवते, बस. डोक्यावर येणारं वजन ३० ग्रॅमच्या आसपास. प्रोफ्लाइट हा अॅक्टिव्ह, म्हणजे आवाज मारणारं इलेक्ट्रॉनिक्स असलेला, त्यालाच एएनआर म्हणतात, मऊ सिलिकॉनच्या टिपा, वजन साधारण १३० ग्रॅम, आणि तो जेटच्या कॉकपिटसाठी बनवलेला आहे. आमच्या कॉकपिटमधला आवाज म्हणजे नाकावरून जाणाऱ्या हवेचा सूं आवाज आणि एसी-पंख्यांची घरघर, तुझ्या १७२ पेक्षा बराच शांत. तिथे तो सिलिकॉनचा हलका अडसर आणि एएनआर मिळून छान चालतं. पिस्टन विमानात तो घेऊ नकोस, पैसेही जास्त आणि कामही होणार नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर दिवसाला चार सेक्टर म्हणजे चार उड्डाणं, गोवा-मुंबई-गोवा-बंगळूर-गोवा असं काहीतरी, आणि डोक्यावर काही आहे हे जाणवत नाही. चष्मा मलाही आहे. तिसऱ्या सेक्टरनंतर कान थोडे खाजतात हे खरं. आणि केबल खाली ओढते, ती शर्टाच्या खिशाला क्लिप लावून अडकवली नाही तर एका बाजूची टिप हळूहळू सैल होते आणि कळतही नाही, आवाज वाढलाय म्हणून तुम्ही व्हॉल्यूम वाढवत बसता.

पेडणेकर

मी पायलट नाही, मोपाच्या विमानतळापासून पंधरा मिनिटांवर राहतो त्यामुळे विमानं बघायचा नाद लागलाय. एक बेसिक प्रश्न, चालेल ना? फोनचे नॉइज कॅन्सलिंग बड्स हल्ली इतके भारी येतात, तेच लावून का उडवत नाहीत?

सह्याद्री इन्स्ट्रक्टर

पेडणेकर, प्रश्न चांगला आहे, माझे विद्यार्थीही विचारतात. फोनच्या बड्सना बूम माइक (दांडीवरून तोंडापुढे येणारा) नसतो. विमानातला माइक ओठांच्या अगदी जवळ, जवळजवळ टेकलेला असतो आणि तो मागच्या बाजूनं येणारा गोंगाट कापतो, म्हणून ९० डेसिबलमध्येसुद्धा टॉवरला तुमचं बोलणं कळतं. त्या माइकला लागणारी वीज विमानाच्या ऑडिओ पॅनलमधून तारेनं येते. छोट्या विमानात दोन पिना असतात, जाड पिन ऐकायची आणि जरा बारीक पिन माइकची. एअरबसला एकच पाच पिनांचा गोल एक्सएलआर. हेलिकॉप्टरला अजून वेगळी, यू-१७४ म्हणतात ती. शिवाय आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संस्थेच्या अॅनेक्स ६ प्रमाणे ट्रान्झिशन लेव्हल या ठरावीक उंचीच्या खाली एअरलाइनच्या क्रूनं बूम किंवा गळ्याचा माइक वापरायलाच हवा, हातातला माइक उचलून बोलायचं नाही.

सत्तरीकर, आता तुझ्याबद्दल. मी १७२ वर शिकवतो आणि विद्यार्थ्यांना कानातला हेडसेट घेऊ देतो, पण एक अट घालतो. १७२ चा स्टॉल हॉर्न, म्हणजे पंखाची उचल जायला आली की इशारा देणारा भोंगा, कुठून वाजतो माहितीये ना? डाव्या पंखाच्या कडेला एक छोटं भोक असतं, स्टॉल जवळ आला की तिथून हवा बाहेर ओढली जाते आणि आतली रीड वाजते, बाजाच्या पेटीची रीड वाजते तशी. त्याला वीज लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो आवाज तुझ्या हेडसेटमधून येत नाही, केबिनच्या हवेतून येतो. फोम खोल बसवला की तो दबतो. म्हणून नवीन हेडसेटचं पहिलं उड्डाण इन्स्ट्रक्टरबरोबर, उंचीवर जाऊन दोन-तीन स्टॉल कर आणि हॉर्न नेमका कसा ऐकू येतो ते कानात साठवून घे. ते झाल्याशिवाय सोलोला तो हेडसेट लावायचा नाही. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

वास्कोचे काका

मी पायलट नव्हे, २६ वर्षं विमानांच्या मेंटेनन्सला होतो, आता घरी असतो. तरुण पोरं कानाबद्दल विचारतायत हे बघून बरं वाटलं म्हणून लिहितो. आमच्या काळी आम्ही कानात कापूस कोंबून चालत्या टर्बोप्रॉप विमानाच्या शेजारी उभे राहायचो. कापूस काही अडवत नाही हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आज माझ्या उजव्या कानात दिवसरात्र शिटी वाजते. नात बारीक आवाजात बोलली की मला तिचे ओठ बघावे लागतात. गेलेलं ऐकू परत येत नाही बाबा. कंफर्टेबल घ्या, जरूर घ्या, पण अडवतो किती ते आधी बघा.

सत्तरीकर

काका, हे वाचून गलबलून आलं. थँक्यू लिहिल्याबद्दल.

मग माझा पुढचा प्रश्न हाच, अडवतो किती? डब्यावर एनआरआर म्हणून आकडा असतो, कपवाल्या डेव्हिड क्लार्कवर २३ डेसिबल लिहिलेलं आणि फोमवाल्यांवर ३० च्या आसपास, कुठे त्याहून जास्त. म्हणजे कानातला सरळसरळ चांगला ना?

म्हापशाची ईएनटी

मी कान-नाक-घशाची डॉक्टर, नवरा मर्चंट नेव्हीत असल्यामुळे इंजिनाच्या आवाजाचा विषय घरात रोजचा आहे. सविस्तर लिहिते कारण त्या आकड्यावर विसंबून लोक फार चुकतात.

एनआरआर हा प्रयोगशाळेतला आकडा. तिथे शिकवलेला माणूस नीट बघून प्लग बसवतो. प्रत्यक्षात माणूस घाईत असतो, प्लग अर्धाच आत जातो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं म्हणूनच १९९८ मध्ये सांगितलं होतं की कपाच्या आकड्यातून २५ टक्के कापा आणि दाबून बसवायच्या फोमच्या आकड्यातून ५० टक्के. आता हिशोब कर. २३ चे झाले साधारण १७. ३० चे झाले १५. म्हणजे डब्यावर पुढे असलेला प्रत्यक्षात मागे पडू शकतो, आणि दोष हेडसेटचा नसतो, बसवण्याचा असतो. हां, तुला चष्मा आहे त्यामुळे तुझ्या कपाच्या गादीत काडीपाशी फट राहते आणि तिथून आवाज आत येतो, म्हणजे तुझे १७ पण पूर्ण १७ नाहीत. नीट बसवलेला फोम तुझ्या बाबतीत खरोखर फायद्याचा ठरेल.

त्याच संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. छोट्या पिस्टन विमानात ९० च्या आसपास सहज जातं, तेव्हा ही निष्काळजीपणाची जागा नाही.

बसवायचं कसं ते सांगते. हात धुवून टिप बोटांत गोल गोल फिरवून बारीक कर, चुरगळायची नाही, सुरकुती राहिली तर तिथून गळती. दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढ म्हणजे आतली वळणदार नळी सरळ होते. टिप आत सरकव आणि २० ते ३० सेकंद बोटानं धरून ठेव, ती फुगेपर्यंत. लोक पाच सेकंदांत सोडतात आणि ती बाहेर येते. मग दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून बघ, बाहेरचा आवाज फारसा बदलला नाही तर टिप बसलीय, खूप कमी झाला तर परत बसव.

आणि दोन कानांची नळी एकसारखी असेलच असं नाही, बऱ्याच जणांची नसते. डाव्याला लहान, उजव्याला मध्यम लागू शकते. एकच माप दोन्हीकडे कोंबायचं आणि मग "कानातले मला सोसत नाहीत" म्हणून सोडून द्यायचं, असे पेशंट मी पाहते.

चिखलीचा फर्स्ट ऑफिसर

+१ मापाबद्दल. मी पहिले दोन महिने चुकीच्या मापानं काढले आणि हेडसेट विकायला निघालो होतो.

सह्याद्री इन्स्ट्रक्टर

डॉक्टर, फार उपयोगी लिहिलंत. एक भर घालतो. १७२ चं इंजिन चार सिलेंडरचं, पंख्याला दोन पाती. २४०० आरपीएमला सेकंदाला ४० फेरे, पातीचे ठोके ८० आणि सिलेंडरचे स्फोटही ८०. म्हणजे सगळी धडधड त्या ८० हर्ट्झच्या खर्जात. असला खर्ज अडवायला कपवाला पॅसिव्ह कमी पडतो, तिथे एएनआर उत्तम चालतं, आणि खोल बसलेला फोमही चांगला चालतो. त्यामुळे १७२ साठी कानातला घ्यायचा तर फोमवाला पॅसिव्हच घ्यावा असं माझं मत आहे.

जाता जाता, एएनआरची गोष्ट मला फार आवडते. बोस कंपनी काढणारे अमर बोस यांना तशा हेडसेटची कल्पना १९७८ मध्ये झुरिकहून अमेरिकेला परतताना विमानातच सुचली, आणि १९८६ मध्ये व्हॉयेजर विमान कुठेही न थांबता ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं तेव्हा त्या दोन पायलटांनी त्यांचे प्रायोगिक हेडसेट वापरले होते. बोस यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांपासून वाचायला अमेरिकेत गेलेले. आपल्या माणसाच्या लेकानं जगभरच्या पायलटांचे कान वाचवले असं मी वर्गात दरवेळी सांगतो.

मांडवी किनारी

हेलिकॉप्टरवर होते, सध्या सुट्टीवर. सत्तरीकर, पैसे घालायच्या आधी दोन स्वस्त गोष्टी करून बघ ना. चष्म्याची फ्रेम बदल, काडी पातळ आणि सरळ, कानामागे न वळणारी. आणि आत्ताच्या हेडसेटच्या गाद्या जुन्या होऊन कडक झाल्या असतील, जेलच्या नवीन गाद्या लावून मिळतात. माझं अर्धं दुखणं फ्रेम बदलूनच गेलं होतं. आम्हाला तर हेल्मेट, त्यामुळे आत कानात प्लग हाच मार्ग. एवढं मात्र आहे की प्लग अधिक हेल्मेट म्हणजे दोन्हींची बेरीज होत नाही, दोन्हींत जो भारी त्याच्यावर ५ डेसिबलच्या आसपास मिळतात.

सत्तरीकर

ताई, फ्रेमचं डोक्यातच आलं नव्हतं! उद्याच डिचोलीला जाऊन बघतो. गाद्या स्कूलच्या हेडसेटला मी बदलू शकत नाही पण विचारून बघेन.

अजून एक भीती आहे. उतरताना कान बंद होतात त्याचं काय? आधीच कानात बूच, त्यात प्रेशर. कानाचा पडदा बिडदा?

म्हापशाची ईएनटी

भीती रास्त आहे. पडद्याच्या आतली बाजू नाकामागच्या नळीतून मोकळी होते, गिळलं, जांभई दिली, नाक दाबून हळूच फुंकलं की झालं. ती वाट हेडसेटमुळे बंद होत नाही. पण पडद्याच्या बाहेरची बाजू, म्हणजे टिप आणि पडदा यांच्यामधली हवा, ती घट्ट बसलेल्या टिपमागे अडकू शकते. विमान खाली येतं तसा बाहेरचा दाब वाढतो, आतली हवा कमी दाबाचीच राहते आणि पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. तेव्हा गिळून उपयोग नाही. पाळी जराशी ओढून टिप अर्धा क्षण सैल करायची, फुस्स होतं आणि मोकळं वाटतं, मग परत बसवायची. हे उतरायला सुरुवात केल्यावर लगेच, काम कमी असताना करायचं. फायनलवर, म्हणजे लँडिंगच्या शेवटच्या टप्प्यात, हात कानाशी नको. आणि सर्दी असेल तर उडायचंच नाही, तिथे कुठलाच हेडसेट मदतीला येत नाही.

आता आपल्या गोव्याचं खास. जून ते सप्टेंबर माझ्या ओपीडीत कानाच्या बुरशीचे पेशंट रांगेनं येतात. हवा ओली, कान ओला, वर तासनतास बूच, बुरशीला अजून काय हवं. आंघोळीनंतर कान पूर्ण कोरडा झाल्याशिवाय टिप घालू नका. फोमची टिप धुता येत नाही, घाम आणि मळ शोषून घेते, ती वापरून फेकायची वस्तू आहे, रंग काळपट झाला किंवा सावकाश फुगायची थांबली की नवीन. सिलिकॉनची साध्या साबणाच्या पाण्यानं धुवून पूर्ण वाळवून ठेवा. दुसऱ्याच्या टिपा कधीही घालू नका, मित्राचा हेडसेट ट्रायल घेताना टिप स्वतःची नवीन लावा. खाज आली म्हणून काडी, चावी, कापसाचे बड्स काही घालायचं नाही, त्या बड्सनं मळ आत ढकलला जातो आणि मग टिप त्याला अजून दाबते. खाज दोन दिवसांत गेली नाही, दुखलं किंवा पाणी आलं तर उड्डाण थांबवून दाखवा. तुमच्या क्लास वन मेडिकलला ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) असते, कान बिघडवून घेऊन जाऊ नका.

वास्कोचे काका

हेडसेटच्या डब्यात ती सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. बुटांच्या खोक्यात मिळते तीच. क्लॅरिटी, हेलो या जातीत स्पीकर कानात नसतो, आवाज बारीक पोकळ नळीतून कानापर्यंत येतो. त्या नळीच्या तोंडाशी मळ किंवा बाष्प अडकलं की एका कानात कमी ऐकू येतं आणि माणूस म्हणतो हेडसेट बिघडला. आधी टिप काढून तोंड बघायचं.

चिखलीचा फर्स्ट ऑफिसर

काका, तुम्ही हे सांगितलंत ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये पण कोणी सांगितलं नाही.

सत्तरीकर, अजून दोन गोष्टी. कान बंद असले की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, विहिरीत बोलल्यासारखा. त्यामुळे माणूस आपोआप हळू बोलतो. माइक ओठाशी आण आणि नेहमीच्या आवाजात बोल, साइडटोनवर, म्हणजे हेडसेटमध्ये परत ऐकू येणाऱ्या आपल्याच आवाजावर, लक्ष ठेव. दुसरं, आमच्याकडे बरेच जण क्रूझला (उंचीवर सरळ उडताना) एका कानातली टिप काढून ठेवतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून. ती सवय मी मोडली. दोन्ही कानात ठेवून इंटरकॉम चालू ठेवतो, ऐकायलाही बरं आणि कानालाही. पुढे एअरलाइनमध्ये येशील तेव्हा पिन वेगळी लागेल आणि कंपनीच्या मंजूर यादीतलाच हेडसेट लागेल, म्हणून आत्ता भविष्याचा विचार करून महागडा घेऊ नकोस.

पेडणेकर

कानाचं माप देऊन टिपा बनवून मिळतात म्हणे, तसं काही?

म्हापशाची ईएनटी

मिळतात. श्रवणयंत्रं बसवणारे ऑडिओलॉजिस्ट कानात पेस्ट भरून साचा घेतात. एकच सांगणं, साचा घेताना तोंड उघडं ठेवायला सांगा, जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि पायलट तर सतत बोलत असतो. पण तो हेडसेट तशा टिपा घेतो का ते आधी विचारा. सत्तरीकरला मी म्हणेन आधी सहा महिने फोमवर काढ.

सत्तरीकर

पाच आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचं ऐकून काय केलं ते लिहितो, पुढच्या कोणाला उपयोग होईल.

आधी फ्रेम बदलली, ताईंनी सांगितली तशी. कपवाला हेडसेट त्यानं बराच सुसह्य झाला, तासाऐवजी दीड तास जायला लागला. तरी घाम आणि वजन राहिलंच. मग बाबांशी बोलून फोमवाला पॅसिव्ह घेतला, सेकंडहँड, टिपा सगळ्या नवीन. घरी पडवीत बसून चार दिवस नुसता बसवायचा सराव केला. बाहेर पत्र्यावर पाऊस पडत होता, तोच माझा टेस्ट, टिप नीट बसली की पाऊस एकदम लांब गेल्यासारखा. डॉक्टर, तुमचं अगदी बरोबर निघालं, माझा डावा कान लहान. दोन्हीकडे मध्यम घातली तेव्हा अर्ध्या तासात डावा दुखला, लहान घातली आणि विसरून गेलो.

पहिलं उड्डाण इन्स्ट्रक्टरबरोबर केलं. ४००० फुटांवर तीन स्टॉल. पहिल्या वेळी हॉर्न मला उशिरा कळला, सर म्हणाले परत. तिसऱ्या वेळी बरोबर ओळखला, आधीपेक्षा बारीक येतो, पण येतो. टॉवरनं मला दोनदा "से अगेन" म्हटलं कारण मी खरंच हळू बोलत होतो, माइक पुढे ओढल्यावर सुरळीत. उतरताना एकदा डावा कान ओढल्यासारखा झाला, टिप सैल केली, फुस्स. लँडिंगनंतर चष्मा काढला तर कानशिलाला काहीच नाही. २ तास १० मिनिटांनंतर डोकं शांत आहे ही गोष्ट मला सीपीएल सुरू केल्यापासून पहिल्यांदाच अनुभवायला मिळाली.

जुना कपवाला बॅगेत मागे असतो, टिप पडली-बिडली तर. काका, सिलिकाच्या चार पुड्या डब्यात आहेत. डाव्या बाजूच्या तारेवर आईनं लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिलाय, घाईत माप उलटं होऊ नये म्हणून. सोमवारी ३ तासांची क्रॉस-कंट्री आहे, ती झाली की कान कसा राहिला ते कळवतो. देव बरें करूं सगळ्यांचं.

म्हापशाची ईएनटी

कळव. आणि टिपांची पुढची जोडी आत्ताच मागवून ठेव, पहिली संपायची वाट बघू नकोस.